म्हातारीवर चिमणी

हे सगळं झालं ते २०१४ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत माझ्या वहिनीनं, काशीबाईनं, आपल्या मुलाला जेवता जेवता विचारलं, "मी गेले की मला कुठल्या साडीत नेणार? हिरव्या का पांढऱ्या?"

दिनेशचा घास हातातच राहिला. "आई, जेवू दे ना."

"जेव की. जेवताना बोलता येत नाय काय तुला? लहानपणी तर तोंड बंद नसायचं."

"तुला काय होत नाय एवढ्यात."

"मला होणारच हाय. डॉक्टर तुला बाहेर नेऊन बोलला, तेव्हाच समजलं मला. साडी कुठली ते सांग."

शेफालीनं, म्हणजे दिनेशच्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढायला उठले.

आम्ही वरळी कोळीवाड्यातले. काशीवहिनीचा नवरा हरेश्वर हा माझा सख्खा मोठा भाऊ. १९७८ साली, दिनेश सहा वर्षांचा असताना, दादा सकाळी लहान होडी घेऊन एकटाच बाहेर पडला तो परत आला नाही. वादळ नव्हतं, उधाण नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या होड्यांनी शोध शोध शोधलं. वल्हंसुद्धा सापडलं नाही. पुढे लोक म्हणू लागले, आता कुंकू पूस. वहिनी म्हणाली, "दाखवा आणि पुसा." दाखवायला कुणाकडे काही नव्हतं. ती कपाळभर कुंकू लावून, डाव्या हातात हिरव्या बांगड्या घालून बाजारात मासळी विकत राहिली. छत्तीस वर्षं.

डाव्या हातात म्हणते, कारण आमच्यात उजवा हात मोकळा असतो. लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्याला देतात. बांगड्या घे आणि माझा धनी सांभाळ, असा तो करार. वहिनीच्या लग्नात मी बारा वर्षांची करवली होते. बांगड्या माझ्या हातून गेल्या. कासाराच्या पेटीतला हिरवा चुडा कमी पडला होता, म्हणून त्यानं मध्ये एक मोरपंखी बांगडी घातली होती. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. पाण्यात टाकताना मी मुद्दाम ती मोरपंखी वर येईल अशी धरली, म्हणजे दर्यालाही कळावं की कासारानं फसवलंय. पुढे डाव्या हातातल्या बांगड्या फुटत गेल्या, बदलत गेल्या, पण वहिनी दर वेळी एक मोरपंखी मागून घ्यायची. म्हणायची, "जोड मोडायला नको."

तर तिचा प्रश्न साधा होता. सवाष्णीला हिरव्या साडीत, मळवट भरून नेतात. विधवेला तसं नेत नाहीत. "मला खोट्या कुंकवानं जायचं नाय," ती म्हणाली. "आणि खरं असलं तर पुसूनही जायचं नाय."

फेब्रुवारीत तिच्या पायांवर सूज चढली आणि तिला परळच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. मी भोईवाड्याच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे तो भाग माझ्या पायाखालचा. तिथला माझा एक विद्यार्थी, विकास, मला रस्त्यातच भेटला. अंगानं आडवा, केस बारीक कापलेले, हातावर दोरांचे वळ. तो पाणबुड्या झाला होता. बंदरात जहाजांच्या तळाची कामं, बुडालेल्या बोटींचं लोखंड कापणं, असली कामं करायचा.

"बाई, तुम्ही मला भूगोलात नापास केलं होतं," तो म्हणाला.

"तू महासागर चार लिहिले होतेस."

"आता सगळ्यांत जाऊन आलोय. एक वाढवून द्या मार्क."

दुसऱ्या दिवशी तो घरचा डबा घेऊन वॉर्डात आला. सोबत त्याचे वडील राजाराम होते. हे गृहस्थ परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. संप झाला, गिरणी बंद पडली, तरी बोलताना 'आमची गिरणी' असंच म्हणत. मला "जय भीम, बाई" म्हणून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोर दोन सारखे टॉवर होते, निळ्या काचांचे.

"या दोघांच्या मधोमध आमची चिमणी होती," ते म्हणाले. "पाडली तेव्हा मी बघायला आलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काही टाळी वाजवता आली नाही."

वहिनी डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, "काय होतं तिथं?"

"चिमणी. गिरणीची. अहो, तुमचेच लोक सांगायचे, समुद्रातून सगळ्यांत आधी तीच दिसते म्हणून. तिच्यावर खूण धरायचे."

वहिनीनं डोळे उघडले. मग मला म्हणाली, "मनू, ती चिमणी गो. ती उडणारी चिमणी नाय."

मला काही कळलं नाही. तिनं सांगितलं तेव्हा मी खाटेच्या कडेवर बसले.

खूण धरणं म्हणजे काय, ते सांगते. पूर्वी होडीत यंत्रं नव्हती. समुद्रात मासळीची जागा सापडली की कोळी किनाऱ्याकडे बघायचा. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू एकमेकांवर आली की ती त्या जागेची खूण. खडक, देवळाचा कळस, बुरूज, ताडाचं झाड, काहीही. चांगल्या जागेची खूण सख्ख्या भावालाही सांगत नसत. दादाची अशी एक जागा होती. कुठल्याशा जुन्या आगबोटीचा सांगाडा तिथे बुडून पडला होता आणि त्यात मोठी मासळी राहायची. तो एकटाच तिथे जायचा आणि मोठाले घोळ मासे घेऊन यायचा. कुठे जातोस विचारलं की वहिनीला म्हणायचा, "म्हातारीवर चिमणी बसली की थांबायचं."

आमची आई पांढरी साडी नेसायची आणि दिवसभर ओट्यावर सुकट राखत बसायची. बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची, आणि सुकटीवरच्या चिमण्या कधी तिच्या खांद्यावर, कधी डोक्यावर यायच्या. सगळा कोळीवाडा तिला म्हातारीच म्हणायचा. वहिनीला वाटलं, नवरा सासूची थट्टा करतोय. ती हसायची. तो गेला त्या सकाळीही तेच म्हणाला होता आणि तेव्हाही ती हसली होती. शोधाशोध चालू असताना सगळ्यांनी विचारलं, काही बोलला होता का? ती म्हणाली, नाय, थट्टा करून गेला.

"मग म्हातारी कोण?" मी विचारलं.

"ते मला काय ठाव. बाईमाणसाला दर्यातली नावं कोण सांगतं?"

मी वॉर्डाबाहेर जाऊन दिनेशला फोन केला. म्हातारी नावाचं काही समुद्रात आहे का? तो म्हणाला, असलं काही नाही. मग मी जयवंतकाकांना फोन लावला. ते आमच्या वाड्यातले सगळ्यांत जुने नाखवा, ऐकायला कमी यायचं. दोनदा ओरडून विचारल्यावर म्हणाले, "अगो, तो खांबा. आता पोरं खांबा बोलतात. आम्ही म्हातारी बोलायचो. डोकं पांढरं रंगवलेलं असायचं ना."

खांबा सगळ्यांना माहीत होता. वरळीच्या समोर, बऱ्याच आत, खडकावर इंग्रजांच्या काळात बांधलेला दगडी मनोरा. जहाजांनी खडकापासून लांब राहावं म्हणून उभा केलेला. पूर्वी त्याच्या टोकाला दर वर्षी चुना लावत. पुढे दिव्याचे तरंगते बोये आले, चुना लावणं बंद झालं, डोकं शेवाळानं काळं पडलं आणि त्याबरोबर नावही गेलं.

वहिनी घरी आली ती एकच गोष्ट घेऊन. तिला तिथे जायचं होतं.

"मी जातो, विकासला नेतो," दिनेश म्हणाला. "तू कशाला?"

"चिमणी तू बघितलीस काय कधी समुद्रातून?"

"बघितली असेल लहानपणी. आता ती नाहीच आहे, आई. टॉवर आहेत, त्यांच्यावर अंदाज धरू."

"अंदाजानं छत्तीस वर्षं काढली मी."

"आपल्या होडीत बाई चढत नाय. लोक काय बोलतील?"

"होडीतली मासळी माझ्या पाटीतून विकलेली चालते. त्या पैशानं होडीला रंग लागलेला चालतो. मीच तेवढी चालत नाय." ती शेफालीकडे वळली. "तुझा नवरा घाबरतो गो. मला बापाकडे सोडून येईल म्हणून."

शेफाली हसली नाही. तिनं वहिनीची शाल काढून घडी घातली आणि दिनेशच्या हातात दिली. तेवढं पुरलं.

आम्ही भांगाचे दिवस बघून निघालो. भांगाला भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, पाणी त्यातल्या त्यात उभं राहतं, आणि विकासला तेच हवं होतं. होडीत आम्ही चौघं. दिनेश सुकाणूवर, विकास आपल्या टाक्या आणि नळ्यांजवळ, वहिनी मधल्या फळीवर उशा लावून, आणि मी तिला धरून. दुपार उतरत होती. ऊन पांढरं होतं आणि शहरावर धुरकट पडदा होता. मागे वळून पाहिलं तर किल्ला, पूल, इमारती, सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसत होतं.

वहिनी जन्मात पहिल्यांदा एवढ्या आत आली होती. ती पाण्याकडे बघत नव्हती. गुडघ्यावर डावा हात ठेवून ती जमिनीकडे बघत होती.

खांब्याजवळ आलो तेव्हा त्यावर पाणकावळे बसलेले होते, पंख पसरून. होडी अगदी शेजारून गेली तरी एकही उडाला नाही. मनोऱ्याच्या दगडांत लोखंडी पायऱ्यांचे गंजलेले तुकडे होते. दिनेशनं होडी आणखी पश्चिमेला घेतली.

"टॉवर दिसत नाहीत नीट," तो म्हणाला. "धुरकं फार आहे. थोडं थांबायचं का?"

"चालू दे," वहिनी म्हणाली.

"कुठे चालू देऊ?"

"म्हातारीच्या मागे धर. डावीकडे घे जरा. आणखी. सरळ जाऊ दे आता."

तिचा आवाज बाजारातला होता, गिऱ्हाईकाला सांगते तसा. दिनेश सुकाणू फिरवत राहिला. मनोरा मागे मागे जात लहान होत होता. विकासनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली, मला काय माहीत अशी.

"मुंडी वर काढते हाय," वहिनी म्हणाली. "हळू. हळू घे. अजून नाय. अजून..."

मी ती बघत होती तिकडे पाहिलं. धुरक्यात मनोऱ्याचं काळं डोकं होतं. मी चष्मा पुसला. मनोऱ्याच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, एक बारीक काळी काडी उभी होती. तिच्या टोकातून काहीतरी जमिनीच्या बाजूला वाहत होतं, कापूस पिंजल्यासारखं. मी पुन्हा चष्मा काढला, पुन्हा घातला.

"बसली," वहिनी म्हणाली. "थांबव."

दिनेशनं इंजिन बंद केलं. मासळी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ वर उचलली गेली होती. खाली काहीतरी मोठं पडलेलं होतं. दिनेश कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत होता. मग त्यानं जीपीएसवर बटण दाबून जागा साठवली.

"आई, तुला काय दिसलं?"

"तुला नाय दिसलं?"

मी पुन्हा पाहिलं तेव्हा मनोऱ्यामागे नुसतं धुरकं होतं.

विकासनं पोशाख चढवला. कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक दिनेशच्या हातात दिलं. "एक झटका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. झटके लागोपाठ आले तर वर ओढ, विचार करत बसू नको." मग वहिनीला म्हणाला, "मावशी, एक सांगतो. या पाण्यात दिसत काही नाही. गाळ एवढा की डोळे उघडे काय, मिटले काय. मी हातानं चाचपून काम करतो. हाताला लागेल ते आणतो."

"तेच आण," वहिनी म्हणाली.

तो पाठमोरा पाण्यात पडला. बुडबुडे आले, मग थोड्या अंतरावर आले, मग एका जागी येत राहिले. होडी हलत नव्हती. लाटेचा आवाजही थांबल्यासारखा झाला होता. दिनेश दोर हातात धरून बसला होता. एक झटका आला. त्यानंही एक दिला. परत एक आला.

मग त्याचा चेहरा बदलला.

"काय झालं?"

"ओढतोय," तो म्हणाला. "झटका नाय. ओढतोय नुसता."

मी पाहिलं. दोर त्याच्या बोटांतून जात होता, हळूहळू. थोडा गेला, थांबला, परत थोडा गेला. हातावर हात टाकून जाळं ओढतात तसा. दादा ओट्यावर जाळं विणायला बसला की दोराचं टोक दिनेशच्या मुठीत द्यायचा आणि असंच ओढायचा. दोर हातातून निसटू दिला की पोरगं हरलं. दिनेश सहा वर्षांचा होता तेव्हा. त्याला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यानं मूठ आवळली आणि दोर थांबला. पलीकडूनही थांबला. दोघं तसेच, दोर ताणलेला.

"बुडबुडे कुठे आहेत?" मी विचारलं.

बुडबुडे होडीच्या दुसऱ्या बाजूला येत होते. दोर या बाजूला ताणलेला होता.

दिनेशनं मूठ सैल केली नाही. ओठांनी तो काहीतरी पुटपुटत होता, ते मला ऐकू आलं नाही. मग दोर एकदम ढिला पडला आणि लगेच लागोपाठ झटके आले. आम्ही दोघांनी मिळून ओढलं. विकास वर आला तो एका हातानं होडीच्या कडेला लटकूनच राहिला, दुसरी मूठ मिटलेली. त्याला आत घ्यायला वेळ लागला. तोंडावरची काच काढल्यावर तो खाली मान घालून बसला. मी थर्मासमधला चहा दिला. त्यानं कप मोकळ्या हातात घेतला.

"होडी आहे खाली," तो म्हणाला. "आगबोटीच्या पोटात घुसलेली. लहान आहे, लाकडी. फळ्या सगळ्या कालवांनी भरल्यात. हात कापला माझा." तळवा खरंच फाटला होता. "सुकाणूच्या बाजूला गेलो. तिथे एक दांडा होता. त्यात या होत्या."

त्यानं दुसरी मूठ उघडली. हिरव्या बांगड्या. मध्ये एक मोरपंखी.

एकही फुटलेली नव्हती. त्यांना शेवाळ नव्हतं, कालव नव्हतं. कासाराच्या पेटीतून आत्ताच काढल्यासारख्या त्या चकाकत होत्या. मी त्या मांडवातून निघून, गुडघाभर पाण्यात उभी राहून, कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर टाकल्या होत्या. तिथून इथवर वाळू, खडक, चिखल, किती काय होतं मध्ये.

दिनेशचे डोळे भरून आले. त्यानं वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. "आई," तो हळूच म्हणाला, "दर्यानं परत दिल्या. करार संपला त्याचा. आता..."

पुढचं आम्हाला कळलं. सांभाळायला दिलेलं माणूस राहिलं नाही, म्हणून बांगड्या परत. पांढरी साडी. मलाही तेच वाटलं.

वहिनी बांगड्यांकडे बघत नव्हती. ती विकासच्या तोंडाकडे बघत होती.

"हात गार होता काय, ऊन होता?" तिनं विचारलं.

विकास दांडा म्हणाला होता. तिथल्या हाताचं नाव कुणीच काढलं नव्हतं. त्याचा कप खाली पडला.

"मावशी, आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत," तो म्हणाला. "बाबांनी कधी मानलं नाही, मी मानत नाही. हाताला लागलं तेवढं सांगतो. मनगटाएवढा दांडा होता. बांगड्या निघेनात, पुढे अडकत होत्या. मी सोडून देणार होतो. तेवढ्यात तो बारीक झाला. बांगड्या भरताना कासार अंगठा आत दाबतो ना, तसा. आपणहून. आणि त्या सरकून माझ्या हातात आल्या."

"गार होता काय, ऊन?"

"ऊन होता," विकास म्हणाला. "खाली पाणी थंड होतं. तो ऊन होता."

वहिनीनं त्याच्या तळव्यावरून बांगड्या उचलल्या. तिचे हात आजारानं सुजलेले, बोटं जाड झालेली. गेल्या महिन्यात शेफालीला डाव्या हातातली एक बांगडी साबण लावूनही बदलता आली नव्हती. तिनं बोटं जुळवली आणि बांगड्या उजव्या हातात घातल्या. एकामागून एक, कुठेही न अडता त्या मनगटावर गेल्या. जन्मभर मोकळा असलेला तो हात तिनं वर करून बघितला.

"धनी सांभाळलाय त्यानं," ती दिनेशला म्हणाली. "मी यायची म्हणून बांगड्या पाठवल्या. चल आता घरी, संध्याकाळचं पाणी भरायचं हाय. आणि साडी हिरवीच काढायची. परत विचारू नको मला."

"मी कुठे विचारलं," दिनेश म्हणाला. वहिनी हसली.

परतताना खांब्याजवळून गेलो. पाणकावळे तसेच बसले होते, सगळे पश्चिमेकडे तोंड करून.

काशीवहिनी त्याच वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आधी गेली. शेवटपर्यंत उजव्या हातानं जेवताना त्या बांगड्या वाजायच्या, आणि ती मध्येच जेवण थांबवून ऐकायची. आम्ही तिला हिरव्या साडीत, मळवट भरून नेलं. वाड्यातल्या दोन-चार जणींनी नाकं मुरडली. शेफालीनं त्यांच्यासमोरच वहिनीची ओटी भरली. अंघोळ घालताना मी उजवा हात धुवायला घेतला. हात मोकळा होता. घरभर शोधलं, उशाखाली, मोरीत, ओट्यावर. काचेचा तुकडासुद्धा मिळाला नाही. डाव्या हातातल्या मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या.

विकासनं त्यानंतर मुंबईच्या पाण्यात बुडी मारली नाही. तो मालवणला असतो, तिथेच घर केलं. पर्यटकांना पाण्याखालची प्रवाळं दाखवतो. दिवाळीत फोन करतो. मागे म्हणाला, "बाई, इथे पाणी स्वच्छ आहे. हात लावायच्या आधी काय आहे ते दिसतं." त्याच्या तळव्यावरची जखम भरली, पण थंडीतसुद्धा तेवढी जागा गरम असते म्हणतो.

राजाराम २०१७ साली गेले. त्याआधी एकदा दिनेश त्यांच्याकडे आपलं जीपीएसचं यंत्र घेऊन गेला होता. त्या दुपारी साठवलेली जागा उघडली की पडद्यावर समुद्र येतच नव्हता. खूण जमिनीवर पडायची, परळमध्ये, दोन टॉवरांच्या मधल्या आवारात. दिनेशनं यंत्र दुरुस्तीला दिलं. दुकानदार म्हणाला, यंत्रात काही बिघाड नाही. राजारामांनी चष्मा लावून नकाशा बघितला आणि बोट ठेवून म्हणाले, "बरोबर आहे की. हीच जागा." मग म्हणाले, "मी मानत नाही हे. पण जागा हीच." दिनेश त्यानंतर दोनदा अंदाजानं समुद्रातल्या त्या जागी गेला. खाली काही लागलं नाही, सपाट चिखल.

दिनेश अजून मासेमारी करतो. गुडघे दुखतात, पण जातो. शेफालीनं बाजारातली वहिनीची जागा घेतली आणि गिऱ्हाइकांशी तिच्यासारखंच भांडते. जयवंतकाका करोनाच्या सालात गेले, आणि त्यानंतरच्या मे महिन्यातल्या वादळात खांबाही पडला. आता तिथे पिवळा बोया डुलतो. त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

मी दिनेशकडेच असते. माझे केस पूर्ण पांढरे झाले. वाड्यातली पोरं मला म्हातारी म्हणतात, तोंडावर आजी आणि मागे म्हातारी. संध्याकाळी मी गच्चीत खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसते. परळ माझ्या पाठीमागे येतं.

गेल्या आठवड्यात दिनेश होडी लावून वर आला तो माझ्यासमोर उभाच राहिला.

"आत्या, आत होतो तेव्हा लांबून तू दिसलीस. डोकं पांढरं, म्हणून ओळखलं."

"मग?"

"काय नाय. तुझ्या मागे..." तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. मग त्यानं मान खाली घातली. "काय नाय. खाली चल, गार वारा सुटलाय."

मी मागे वळून बघितलं नाही. खुर्चीही अजून हलवलेली नाही.